काळं बटण

आधीच सांगून ठेवते, मी काही गरीब गाय नाही. माझ्यावर जे पुस्तक निघालं त्यात मी 'शांत आणि सोशिक' आहे. ते ऐकून आमचा मालक पोट धरून हसला. त्याच्या दुकानात मी सहा वर्षं लोकांच्या पँटी आखूड करते, चेनी बदलते, अस्तरं लावते, आणि एखादं गिऱ्हाईक उगाच कटकट करायला लागलं की तो मला पुढे करतो. तर अशी ही सोशिक बाई. आणि मी जे केलं ते रागाच्या भरात केलं असं कुणी म्हणत असेल तर तेही खोटं. चांगलं महिनाभर आधी ठरवून केलं.

सगळ्याच्या मुळाशी डॉक्टरीण. आम्ही बायका तिला डॉक्टरीण म्हणायचो, कारण तिच्या नावाआधी डॉक्टर लागायचं. औषधाची एक गोळी कधी दिली नाही. तिचा अभ्यास आमच्यासारख्यांवर होता, म्हणजे लढाईत घरदार सोडून दुसऱ्याच्या देशात येऊन पडलेल्यांवर. पण 'आमच्यावर' म्हटलेलं तिला खपायचं नाही. तुमच्यावर नाही, तुमच्याबरोबर, असं म्हणायची. तुम्ही नुसती माहिती देणाऱ्या नाही, तुम्ही सहसंशोधक. आम्ही सहा जणी होतो, कुणी पाव भाजणारी, कुणी ऑफिसं झाडणारी. सहसंशोधक म्हटल्यावर सगळ्यांनी पाठी ताठ केल्या. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा केली.

दर बुधवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही जमायचो. खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे टेबल, टेबलावर रेकॉर्डर. पहिल्याच दिवशी प्रश्न निघाला की बोललेलं सगळंच बाहेर जाणार का. तोडगा मी काढला. आमच्या दुकानात जुन्या कपड्यांची काढलेली बटणं बरणीभर पडलेली असतात. त्यातली पांढरी आणि काळी निवडून नेली. बोलून झालं की जिने तिने एक बटण डब्यात टाकायचं. पांढरं म्हणजे गोष्ट बाहेर गेली तरी चालेल, काळं म्हणजे ती या खोलीतच राहील. काळं पडलं की डॉक्टरीण आमच्या डोळ्यांदेखत रेकॉर्डरमधलं पुसायची. तिला हे इतकं आवडलं की तिने त्यावर पुस्तकात अख्खं प्रकरण लिहिलं. बटणपद्धत म्हणे.

चौथ्या बुधवारी मावशी अडून बसली. मावशी म्हणजे ती पाव भाजणारी, आमच्यात सगळ्यांत मोठी. तिचं म्हणणं, आम्हीच किती उसवून दाखवायचं, तू पण सांग की काहीतरी. डॉक्टरीण आधी हसली, मग तिने स्वतःच रेकॉर्डर बंद केला आणि सांगितलं. तिचे वडील दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते. आई आंघोळीसाठी घरी गेली होती, ही जवळ बसली होती, आणि हिला बघवेना. दारामागे वडिलांचा चॉकलेटी कोट टांगलेला होता, उजव्या कोपराला ठिगळ लावलेला. त्या कोटात तोंड खुपसून ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग खाली तळघरात लावलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसली. चाळीस मिनिटं, गाणी लावून. वर आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाप एकटाच गेला. आईला मात्र तिने सांगितलं की मी जवळच होते, हात हातात होता, तुझंच नाव घेत गेले. आई चार वर्षं त्यावरच जगतेय, असं म्हणाली आणि तिने डब्यात काळं बटण टाकलं.

ते ऐकलं आणि माझ्याने राहवेना. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं भडाभडा बाहेर आलं.

मी राहते दादा आणि वहिनीबरोबर, दोन खोल्यांत. आम्ही छावणीत होतो तेव्हा त्या दोघांचे कागद आधी झाले, त्यांच्या मुलीचे अडकले. आमची चिऊ तेव्हा अडीच वर्षांची. पंधरा दिवसांत तिचेही होतील, तुम्ही निघा, नाहीतर तुमचेही रद्द होतील, असं सांगितलं गेलं. वहिनीने चिऊला माझ्या कडेवर दिलं आणि ती गेली. पंधरा दिवसांचे सात महिने झाले. सातव्या महिन्यात चिऊला ताप आला आणि तीन दिवसांत ती गेली. मी इथे आले ती एकटीच.

वहिनीने मला दारातच विचारलं होतं, शेवटी काय म्हणाली. मी म्हटलं, तुझा फोटो छातीशी धरला होता, आई, आई करत गेली. वहिनी त्या दिवशी रडली आणि दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागली. तेवढ्या एका वाक्यावर तिने घर उभं केलं.

खरं असं होतं की चिऊ तिला विसरली होती. फोटो दाखवला की विचारायची, ही कोण. ती आई मला म्हणायची. शेवटीही 'आई, पाणी' म्हणाली ती मलाच. आणि मी तिला एकदाही म्हटलं नाही की अगं, मी आत्या. मला बरं वाटायचं. त्या पाच बायकांना आणि डॉक्टरणीला मी हेही सांगितलं, की मला बरं वाटायचं. मग काळं बटण टाकलं. डॉक्टरणीने माझा हात घट्ट धरला. रेकॉर्डरमधलं तिने पुसलंही. डोक्यातलं कुठून पुसणार?

वर्षभराने पुस्तक निघालं, इथल्या भाषेत, सोपं, पातळसं. मला एक प्रत मिळाली. मी ती कपाटावर ठेवली. मला इथली भाषा बोलता येते, वाचायला मी आळशी आहे. वहिनीचं उलटं. ती संध्याकाळच्या वर्गाला जाते, शब्द न शब्द वहीत उतरवून घेते. तिच्या वर्गातल्या मास्तरला वाटलं की तुमच्याच लोकांच्या गोष्टी आहेत, वाचायला गोडी वाटेल. त्याने पान एकशे बारा काढलं आणि वहिनीला उभं केलं.

तिने ते मोठ्याने वाचलं, ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द लावत. मुलीचं नाव वेगळं, छावणी वेगळी, तापाऐवजी दुसरंच काही दुखणं. पण मुलीच्या अंगात पिवळा फ्रॉक, आणि फ्रॉकला तीन पांढरी बटणं आणि चौथं हिरवं, आत्याने स्वतःच्या बाहीचं काढून लावलेलं. वहिनी निघाली तेव्हा चिऊच्या अंगात हाच फ्रॉक होता. हिरवं बटण वाचलं तेव्हा तिचं बोट थांबलं. मास्तर म्हणाला, छान, पुढे वाचा. आणि ती पुढे वाचत गेली. फोटो पाहून मुलगी विचारते, ही कोण, तिथपर्यंत. हे सगळं मला तिच्या वर्गातल्या बाईकडून कळलं. वहिनीने काहीच सांगितलं नाही. ती घरी आली, तिने पुस्तक कपाटावरून काढून माझ्या अंथरुणावर ठेवलं आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

दादाने विचारून पाहिलं, ओरडून पाहिलं, मग तोही मूग गिळून बसला. वहिनी स्वयंपाक करायची, माझं ताट वाढायची, ते माझ्यासमोर ठेवायची आणि आत जायची. मी तिच्यापुढे हात जोडले, रडले. ती माझ्याकडे बघायची, आणि ते बघणं मला सोसवत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कधी कधी ताट ठेवताना तिचे ओठ हलायचे आणि मला वाटायचं, आता बोलेल. बोलायची नाही.

मी डॉक्टरणीच्या ऑफिसात गेले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तिच्यासमोर माझी भाषा तुटते. तिने मला खुर्ची दिली, चहा दिला. नाव बदललंय, म्हणाली, जागा बदललीय, कुणालाच ओळखता येणार नाही. म्हटलं, वहिनीला आलं की. त्यावर ती म्हणाली की हे पान म्हणजे पुस्तकाचा जीव आहे, ते वाचून लोक रडतात, तुमच्या लोकांकडे माणूस म्हणून बघायला लागतात. शिवाय मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं, तुम्ही मान हलवली होती.

हे खरं आहे. ती एकदा दुकानात आली होती, हातात चौदा पानं घेऊन. माझं मशीन चालू होतं, गिऱ्हाईक उभं होतं, आणि ती इथल्या भाषेत भराभर वाचत होती. मी मान हलवत होते. आम्ही हलवतोच. ज्याने छावणीच्या खिडक्यांपुढे वर्षं काढलीत त्याला हे सांगायला नको. समोरचा कागद वाचत असला की वाक्य संपायच्या आत मान हलवायची, कारण 'समजलं नाही' म्हटलं की फाईल खाली जाते. पण मान हलवली म्हणून काळं बटण पांढरं होत नाही. मी तिला तेच म्हटलं. आणि विचारलं, तुमचं बटणही काळं होतं, तुमची गोष्ट कितव्या पानावर आहे?

ती लाल झाली. तिची गोष्ट पुस्तकात नव्हतीच. तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटतं, म्हणाली. त्रास झाला याचं. दिला याचं नव्हे. मग तिचा चेहरा एकदम उजळला. पुस्तकाला विद्यापीठाचं बक्षीस मिळालंय, समारंभ आहे, तुम्ही या, पाच मिनिटं बोला, तुमचा हा राग तिथे मांडा, तो ऐकला गेला पाहिजे. आणि बोलता बोलता वहीत काहीतरी टिपलं. म्हणजे माझा रागसुद्धा हिच्या पुढच्या पुस्तकाला लागणार होता. तेव्हा मी ठरवलं. येते म्हटलं.

समारंभाच्या तीन दिवस आधी दुकानात एक म्हातारी आली, काठी टेकत, हातात चॉकलेटी कोट. डॉक्टरणीची आई. लेकीने सांगितलं होतं की माझी मैत्रीण चांगलं काम करते. मैत्रीण! कोट नवऱ्याचा होता, तो तिला तिच्या मापाचा करून हवा होता. लेकीच्या बक्षिसाला 'हे' पण आल्यासारखं होईल, म्हणाली आणि स्वतःच हसली. मी तिला आरशासमोर उभं केलं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे बोलत तीच होती. कोपरावरचं ठिगळ काढू नकोस बरं का पोरी, ते मी लावलंय, वाकडं आहे पण राहू दे. मग म्हणाली, "मी त्या दिवशी नेमकी आंघोळीला गेले होते. पण लेक होती जवळ. हात हातात होता. नाहीतर मी आजवर टिकले नसते."

मी बाही वर दुमडली, टाचणी लावली. तिथे मी थांबू शकले असते. कुणी मला ढकलत नव्हतं. म्हातारीने माझं काडीचंही वाईट केलं नव्हतं, उलट जाताना माझ्या गालाला हात लावला. पण मला त्या क्षणी एवढंच कळलं की आता मला नेमकं कुठे कापायचं ते माहीत आहे. कोट मी मन लावून केला. उत्तम झाला.

समारंभाला मी निघाले तेव्हा वहिनीने चपला घातल्या. एक शब्द नाही, माझ्या चार पावलं मागून चालत आली आणि हॉलमध्ये दाराजवळच्या खुर्चीवर बसली. म्हटलं, बघच आता, तुझ्यासाठी काय करते ते. शंभरएक माणसं होती. म्हातारी पहिल्या रांगेत, अंगात कोट. मावशी आणि बाकीच्या चौघी तिच्या मागे. डॉक्टरणीला हार घातला गेला, भाषणं झाली, बटणपद्धतीचं कौतुक झालं, आणि मग सहसंशोधक म्हणून मला बोलावलं.

मी आठ दिवस आरशासमोर पाठ केलं होतं. भाषा कुठेच तुटली नाही.

"मी एक गोष्ट सांगते," मी म्हटलं. "नाव बदललंय. जागा बदललीय. कुणालाच ओळखता येणार नाही."

डॉक्टरणीने मान वर केली. मी सावकाश सांगत गेले. एक बाई होती, तिचा बाप मरत होता. आई आंघोळीला घरी गेली होती. मागून मावशीने 'अगं' म्हटलेलं मला ऐकू आलं. मी थांबले नाही. दारामागे बापाचा कोट होता, चॉकलेटी, उजव्या कोपराला ठिगळ, जरा वाकडं. पहिल्या रांगेत म्हातारीचा डावा हात उचलला गेला आणि उजव्या कोपरावर जाऊन बसला. वहिनीचं बोट असंच थांबलं असेल. मी पुढे सांगितलं. गाडी, गाणी, चाळीस मिनिटं. आणि आईला सांगितलेलं ते वाक्य, हात हातात होता, शब्दाला शब्द.

डॉक्टरीण खुर्चीत बसली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला उठून मला थांबवता येईना, कारण थांबवलं असतं तर कुणाची गोष्ट आहे ते कळलं असतं. ते बघून मला काय वाटलं ते लपवत नाही. बरं वाटलं. पोटभर बरं वाटलं. बोलणं संपलं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आमच्यापैकीच कुणाची तरी गोष्ट आहे. दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. मी खिशातून काळं बटण काढलं, डॉक्टरणीच्या समोर टेबलावर ठेवलं आणि खाली उतरले.

टाळ्या थांबल्यावर म्हातारी लेकीकडे वळली. आवाज मोठा नव्हता, पण मी जवळच होते.

"तू गाडीत होतीस?"

डॉक्टरणीने नुसतं 'आई' म्हटलं. म्हातारीने थोडी वाट पाहिली. मग ती काठी घेऊन उठली आणि रांगेतून बाहेर पडून दाराकडे चालायला लागली. लेक मागे धावली तर तिने काठी आडवी धरली. लोक आ वासून बघत होते. दाराशी म्हातारीचा तोल गेला, आणि वहिनीने उठून तिला दंडाला धरलं. दोघी बाहेर गेल्या.

हॉलच्या भिंतीला काच होती. बाहेर बाकावर त्या दोघी बसलेल्या मला दिसत होत्या. म्हातारी काहीतरी विचारत होती आणि वहिनी उत्तर देत होती. वहिनी बोलत होती. तिची इथली भाषा कच्ची आहे, हातांनी शब्द शोधत होती, पण बोलत होती. पाच आठवडे मी ज्या आवाजासाठी तिच्या मागे मागे फिरले तो तिथे काचेपलीकडे चालला होता आणि मला ऐकू येत नव्हता. मावशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आता डब्यात कोण कशाला काही टाकेल, एवढं म्हणाली आणि बाकीच्यांना घेऊन निघून गेली.

मी घरी आले. दादा कामावर होता. वहिनी तासाभराने आली. तिने हात धुतले, माझं ताट वाढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पण आत गेली नाही, समोर बसली. मीच सुरुवात केली. म्हटलं, तिला कळायला हवं होतं ना वहिनी, काय होतं ते. आता ते पुस्तक मागे घेईल बघ ती. आणि खरंच, पुढच्या आठवड्यात तिने घेतलं, तसं पत्रच आलं.

"तिला कळलं," वहिनी म्हणाली. "पण गेलं कुणाचं? म्हातारीचं."

"मग माझं काय चुकलं? तिने तुझं नाही घेतलं?"

वहिनीने ताटाशेजारी पाण्याचं भांडं ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "डॉक्टरणीने लिहिलं तेव्हा तिने माझं तोंड पाहिलं नव्हतं. तू बोललीस तेव्हा पाच आठवडे रोज माझं तोंड बघत होतीस."

माझ्याकडे प्रत्येकासाठी उत्तर तयार असतं, मालक उगाच मला पुढे करत नाही. तेव्हा मात्र मी मान खाली घालून जेवायला लागले. डॉक्टरणीची मला अजूनही दया येत नाही, तेही सांगून टाकते. तिचं बक्षीस गेलं, पुस्तक गेलं, जाऊ दे. पण म्हातारीने दुकानातून जाताना माझ्या गालाला लावलेला हात मला जेवताना आठवतो, आणि हातातला घास मी परत ताटात ठेवते.

वहिनी आता माझ्याशी बोलते, कामापुरतं. बुधवारी दुपारी मात्र ती म्हातारीकडे जाते आणि दोन-दोन तास बसते. तिथे त्या काय बोलतात ते मी एकदा विचारलं होतं. ते बाहेर सांगायचं नाही असं आमचं ठरलंय, म्हणाली, आणि पिशवी उचलून निघाली.